बॅरिस्टरसाहेब आणि 'अंतुले विरुद्ध नायक'

"मामू, तुमचे साहेब आमच्या अभ्यासक्रमात तीनदा येतात," भाची म्हणाली, "आणि तिन्ही वेळा आरोपी म्हणून."

मामूंनी तोंडाशी नेलेली बशी तशीच खाली ठेवली. रविवारची संध्याकाळ. मीरा रोडच्या नया नगरातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, खाली बेकरीत पावाची दुसरी खेप निघालेली, वास जिन्याने वर चढत होता. भाची हायकोर्टात ज्युनिअर आहे. मामू मंत्रालयात छत्तीस वर्षं काढून २०१४ च्या मे महिन्यात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्याच वर्षी २ डिसेंबरला बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले गेले. हे दोन प्रसंग मामू नेहमी एका दमात सांगतात, जणू दोघांना एकाच आदेशाने कार्यमुक्त केलं होतं.

मी यांच्यात उपरा. राजापूरकडचा, मुंबईत मास्तरकी केलेला. मामूंची आणि माझी ओळख चर्चगेट लोकलच्या डब्यातली, त्यामुळे वाद घालायची सवय दोघांनाही उभ्या उभ्याच लागलेली. आता निवांत बसून घालतो, एवढाच फरक.

"तीनदा म्हणजे?" मी विचारलं.

"१९८४, १९८८ आणि १९९१ चे निकाल, सर. पहिला नायक विरुद्ध अंतुले, पुढचे दोन अंतुले विरुद्ध नायक. फौजदारीचा तास असो की घटनेचा, हे नाव चुकत नाही. माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, तिला कितीतरी दिवस वाटत होतं की अंतुले ही वकिलांची एखादी फर्म असावी."

"आरोपी म्हणालीस," मामू म्हणाले. "शिक्षा झाली का कधी?"

"नाही झाली."

"मग?"

"मग काय? शिक्षा न होणं आणि निर्दोष असणं, या दोहोंच्या मध्ये थोडी जागा असते, मामू. त्याच जागेत आमचं पोट भरतं."

मी हसलो. मामू नाही हसले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ही खूण मला डब्यापासून माहीत आहे: आता स्टेशन येईपर्यंत दुसऱ्याला बोलू मिळणार नाही.

"मास्तर, हिला माहीत नाही, तुम्हाला सांगतो. म्हसळा तालुक्यातलं आंबेत. पुढ्यात सावित्री नदी, पलीकडे मंडणगडचं म्हाप्रळ. कोकणातल्या मुसलमानाच्या घरात पोरगा मोठा झाला की दोनच वाटा होत्या, बोटीवर खलाशी नाहीतर मुंबईत भंडाऱ्याच्या हाताखाली. पुढे तिसरी आली, गल्फ. तिथला १९२९ साली जन्मलेला पोरगा लंडनला लिंकन्स इनमध्ये जाऊन बॅरिस्टर होतो आणि परत येतो. परत येतो, हे लक्षात ठेवा. १९६२ ला श्रीवर्धनमधून आमदार. मग राज्यमंत्री, मंत्री. १९७६ ला राज्यसभा. १९७८ ला काँग्रेस फुटली तेव्हा महाराष्ट्रातले मोठमोठे इंदिराबाईंना सोडून गेले, हा माणूस हलला नाही. आणि ९ जून १९८० ला मुख्यमंत्री. मराठी मुलुखाचा पहिला मुसलमान मुख्यमंत्री. आणि आजपर्यंतचा शेवटचा."

"पण तो झाला दिल्लीच्या मर्जीने," भाची म्हणाली.

"सगळेच होतात. तुझा वकील जज्ज कुणाच्या मर्जीने होतो?"

हा टोला बसला. भाचीने चहा ओतून घेतला.

"मी तेव्हा लिपिक," मामू सांगू लागले. "नोकरीला दोन वर्षं झालेली. फाइल कशी चालते ठाऊक आहे ना? खालून वर. लिपिक टिपणी लिहितो, कक्ष अधिकारी सही करतो, मग अवर सचिव, उपसचिव, सचिव, आणि सगळ्यांची झोप झाली की मंत्री. साहेब आले आणि फाइल वरून खाली यायला लागली. आधी निर्णय, मग टिपणी. आमच्या कक्ष अधिकाऱ्यांना घाम फुटायचा. नियम कुठला लावू, म्हणून ते कपाटं धुंडाळत बसायचे."

"हेच तर माझं म्हणणं आहे."

"तुझं म्हणणं नंतर. १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचं नाव रायगड केलं. शिवाजी महाराजांची राजधानी ज्या जिल्ह्यात, त्याला एका बेटाचं नाव होतं, इतकी वर्षं कुणाला खटकलं नाही, ते आंबेतच्या अब्दुल रहमानला खटकलं. त्याच वर्षी १ मे ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग काढला, औरंगाबादेतून जालना. ऑगस्टच्या २७ तारखेला औरंगाबादला हायकोर्टाचं खंडपीठ बसलं. परभणी-नांदेडचा माणूस तोवर तारखेला मुंबईत येऊन धर्मशाळेत झोपत होता."

"ते खंडपीठ मी देते तुम्हाला," भाची म्हणाली. "केंद्राची मंजुरी रखडलेली, म्हणून मुख्य न्यायमूर्तींनी राज्य पुनर्रचना कायद्यातल्या एका पोटकलमाचा आधार घेऊन तिथे न्यायाधीश बसवले. त्यालाही आव्हान मिळालं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि टिकलं. कायद्यात बसवून केलं म्हणून टिकलं."

"आणि भवानी तलवार?" मी खोडी काढली. लंडनहून भवानी तलवार परत आणण्याची घोषणाही याच मुख्यमंत्र्याची.

"तलवार नाही आली," मामू म्हणाले. "पण पैसे आले. माझ्या खालाला. खालू बोटीवर होते, बोटीवरच गेले, पदरात दोन पोरी. संजय गांधी निराधार योजना १९८० ची. विधवा, अपंग, म्हातारे, ज्यांना कुणी नाही अशांना सरकार दर महिन्याला पैसे देणार, हे तोवर कुणी ऐकलं नव्हतं. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन दारात यायचा. ती अंगठा लावायची आणि म्हणायची, आंतुल्यांचे पैसे आले. सरकारचे म्हणायची नाही. शेजारची कुणबीण पण तेच म्हणायची. तुझ्या जज्ज लेंटिनसाहेबांच्या निकालात ही बाई कुठे आहे, सांग."

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत देतो, कारण ती कोर्टात बोलल्यासारखी बोलते आणि तारखांची रांग लावते.

त्या काळात सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होतं. भाव सरकार ठरवणार, कुणाला किती गोण्या द्यायच्या तेही सरकारच. गावात विहीर बांधायची तरी परवाना. परवाना नसेल तर काळ्या भावाने घ्या. मुंबईत बिल्डरांच्या साइटी सिमेंटवाचून अडलेल्या आणि गोणीची चावी मंत्रालयात. अशा वेळी मुख्यमंत्र्यांनी काही ट्रस्ट काढले. त्यातल्या एकाला इंदिरा गांधींचं नाव, इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. कलावंत-साहित्यिकांना मदत करायची, असा उद्देश. देणग्या मात्र देत होते बिल्डर आणि साखरवाले. ३१ ऑगस्ट १९८१ ला अरुण शौरींनी इंडियन एक्सप्रेसमध्ये सगळं बाहेर काढलं. समाजवादी नेते प. बा. सामंत हायकोर्टात गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ ला निकाल दिला की सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा एकमेकांशी संबंध होता. त्याच दिवशी अंतुल्यांनी राजीनामा दिला. कारकीर्द सारी एकोणीस महिन्यांची.

"चेकने घेतले होते!" मामू एकदम म्हणाले. "चेकने. पावती फाडून. मास्तर, तुम्ही मला असा एक पक्ष दाखवा ज्याने या मुंबईत बिल्डरकडून पैसा घेतला नाही. सगळ्यांनी पिशवीतून घेतला. यांनी बँकेतून घेतला म्हणून सापडले. चोर कधी पावती देतो?"

"पावती होती म्हणून तर तारखा जुळवता आल्या," भाची म्हणाली. "देणगी कधी, गोणी कधी. आणि मामू, पिशवीवाला निदान लपवतो. म्हणजे आपण चुकतोय हे त्याला ठाऊक असतं. चेक घेणाऱ्याला वाटतं की हेच बरोबर आहे. मला पहिल्यापेक्षा दुसऱ्याची जास्त भीती वाटते."

मला राहवेना. म्हटलं, "बाळ, आपण बसलोय ते घर कधीचं?"

नया नगर सय्यद नजर हुसेन यांनी वसवलं ते साधारण याच काळात. मिठागरं आणि शेतं यांच्यामध्ये चार मजली इमारती उठत होत्या. नगरपालिकासुद्धा नव्हती, ती १९८५ ची. गंमत म्हणजे लेंटिन निकालानंतर दीड महिन्यात, फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस, केंद्राने सिमेंट अंशतः खुलं केलं आणि १९८९ मध्ये पूर्णच खुलं केलं. बाजारात गोण्या दिसू लागल्या. ज्या टंचाईवर एक मुख्यमंत्री घसरून पडला, ती टंचाई सरकारने स्वतःच धरून ठेवलेली होती. अंतुले सिमेंटमुळे पडले असं म्हणतात. मला वाटतं ते परवान्यामुळे पडले. हातात परवाना नसता तर देणग्या मागणारा आणखी एक पुढारी, एवढीच त्यांची ओळख राहिली असती.

"म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूचे," भाची म्हणाली.

"मी माझ्या बाजूचा. मी राजापूरचा आहे, हे विसरू नकोस. त्यावर येतोच. आधी तुझे तीन खटले सांग."

खटल्यांवर आली की ही मुलगी खुलते. भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी तक्रार केली. प्रश्न असा उठला की अंतुले मुख्यमंत्री नाहीत पण आमदार आहेत, मग त्यांच्यावर खटला भरायला मंजुरी लागते का? १९८४ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, आमदार हा त्या अर्थाने लोकसेवक नाही, मंजुरीची गरज नाही. इतपत ठीक. पण खटला लवकर संपावा म्हणून त्यांनी स्वतःहून तो विशेष न्यायालयातून उचलून हायकोर्टाकडे दिला. कुणी मागितलं नव्हतं. भ्रष्टाचाराचे खटले विशेष न्यायाधीशच चालवणार असं कायदा सांगत होता. अंतुल्यांचं अपिलाचं एक पाऊल त्यात गेलं. चार वर्षांनी, १९८८ च्या एप्रिलमध्ये, सात न्यायमूर्ती बसले आणि बहुमताने म्हणाले, आमची चूक झाली. कोर्टाच्या चुकीचा भुर्दंड कुणालाही बसता कामा नये.

"सुप्रीम कोर्ट स्वतःच्या तोंडाने म्हणालं, चुकलो?" मामूंनी विचारलं. त्यांना हे चाळीसदा सांगून झालेलं असणार. पण लहान मुलाला गोष्टीतला राक्षस मेल्याचं पुन्हापुन्हा ऐकायचं असतं, तसं.

"म्हणालं. आणि तिसरा निकाल जलद सुनावणीच्या हक्काचा. खटला रखडवणं हे घटनेच्या एकविसाव्या कलमाविरुद्ध, हा हक्क तपासापासून शेवटच्या अपिलापर्यंत चालतो, पण अमुक वर्षांत संपलाच पाहिजे अशी मुदत घालता येत नाही. आज ठाण्याच्या जेलमध्ये वर्षानुवर्षं सडणाऱ्या कच्च्या कैद्यासाठी मी अर्ज लिहिते, तेव्हा त्यात अंतुले विरुद्ध नायक टाकते."

"बघा!" मामूंनी मांडीवर थाप मारली. "जेलातल्या गरिबाच्या पण कामाला आले साहेब."

"आरोपी म्हणून आले, मामू!"

"आले ना?"

आता माझी पाळी होती. राजापूरचा माणूस मधू दंडवत्यांचं नाव घेतल्याशिवाय उठत नाही. १९७१ पासून सलग पाच वेळा आम्ही त्यांना लोकसभेत पाठवलं. सिद्धार्थ कॉलेजातले फिजिक्सचे प्राध्यापक. जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या घातल्या. पुढे अर्थमंत्री. कोकण रेल्वेसाठी हा माणूस इतकी वर्षं बोलला की संसदेच्या खांबांनासुद्धा स्टेशनांची नावं पाठ झाली असतील. अंगावर एक डाग नाही. २००५ ला गेले तेव्हा देहसुद्धा जे. जे. हॉस्पिटलला दिलेला.

"आणि १९९१ ला," मी म्हटलं, "एकाच निवडणुकीत, त्याच कोकणात, राजापूरने दंडवत्यांना घरी पाठवलं आणि कुलाब्याने तुमच्या बॅरिस्टरांना दिल्लीला. अंगावर खटला असलेला निवडून आला, स्वच्छ माणूस पडला. पस्तीस वर्षं होत आली, मला अजून याचा जाब द्यायचाय स्वतःला."

"जाब मी देतो," मामू म्हणाले. "दंडवत्यांना आम्ही पण मानत होतो. सभेला जायचो. पण एखाद्या बाईचं काम घेऊन त्यांच्याकडे गेलं तर ते तिला नियम समजावून सांगायचे. तो बरोबर असायचा. बाई रिकाम्या हाताने घरी यायची. अंतुल्यांकडे गेलं तर ते आधी फोन उचलायचे."

हे मामूंचं ऐकीव असणार, पण ऐकीव गोष्टींवरच मतदान होतं. मी दंडवत्यांची गादी पुढे केली: दुसऱ्या वर्गाचा फोम कुणा एकाला चिठ्ठीवर मिळाला नव्हता, देशातल्या प्रत्येक प्रवाशाला मिळाला, आणि म्हणूनच तो कुणी दिला हे कुणाला आठवत नाही. नावाने मिळालेलं माणूस विसरत नाही. सर्वांना मिळालेलं दुसऱ्या दिवशी हक्काचं होतं.

"सर, हे वाक्य मी चोरणार," भाची म्हणाली.

"चोरू नको, चेक दे," मामू म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिघेही हसलो.

लोकसभेत अंतुले चारदा गेले: १९८९, १९९१, १९९६ आणि २००४. मधल्या दोन निवडणुकांत कुलाबा शेकापच्या रामशेठ ठाकुरांनी घेतला. २००९ ला मतदारसंघाचंही नाव रायगड झालं आणि त्यांनी ज्या नावासाठी धडपड केली त्याच नावाच्या मतदारसंघात अनंत गीत्यांनी त्यांना हरवलं. नरसिंह रावांच्या काळात १९९५-९६ ला ते आरोग्यमंत्री होते. डिसेंबर १९९५ ला देशभर पल्स पोलिओची पहिली फेरी झाली ती त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात. त्याचं श्रेय मामू घेऊन बघतात. मी देत नाही. पोलिओ एका मंत्र्याने घालवला नाही, तो उन्हातान्हात दारोदार फिरलेल्या बायांनी घालवला.

खरं बोलणं झालं ते २००६ वरून. त्या जानेवारीत अल्पसंख्याक कार्य मंत्रालय नव्याने निघालं आणि अंतुले त्याचे पहिले मंत्री झाले. वर्षअखेरीस सच्चर समितीचा अहवाल संसदेत आला. मग शिष्यवृत्त्या आल्या. आधी व्यावसायिक शिक्षणासाठी, मग दहावीनंतरच्या, २००८ पासून शाळेतल्या मुलांसाठी. तीस टक्के मुलींना राखीव.

"तुझ्या अब्बांची रिक्षा होती," मामू हळू आवाजात म्हणाले. "अकरावीची फी कुठून आली?"

मला वाटलं, झालं, आता मुलगी निरुत्तर होणार. तिने शांतपणे कप ठेवला.

"शिष्यवृत्तीतून आली. मी विसरले नाही. कॉलेजच्या ऑफिसात उभं राहून फॉर्म भरला होता. पन्नास टक्क्यांच्या वर मार्क, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं. खातं उघडायला अम्मी तीनदा गेली. पण मामू, आम्ही कुणाच्या बंगल्यावर गेलो नाही. कुणाची चिठ्ठी आणली नाही. तुमच्या साहेबांचा विचार पण मनात आला नव्हता तेव्हा. तुमच्या खालाला वाटायचं, आंतुल्यांचे पैसे. मला वाटायचं, माझे पैसे. साहेबांनी जे जे नियमात बांधलं, ते राहिलं. निराधार आहे. खंडपीठ आहे. जिल्हे आहेत. आणि जे जे स्वतःच्या मुठीत ठेवलं, त्याने त्यांना खाल्लं."

"राहिलं कुठे? पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती २०२२ ला बंद केली."

"केली. पण बंद करायला त्यांना कागद काढावा लागला, कारण द्यावं लागलं, आणि त्या कारणावर भांडता आलं. मर्जी बंद होते तेव्हा कागद पण निघत नाही."

मामू उठून खिडकीशी गेले. खाली रिक्षांची कोंडी झाली होती. मला वाटलं, वाद संपला. पण वकील मंडळी जिंकत असताना थांबत नाहीत.

"आणि डिसेंबर २००८," ती म्हणाली.

हा विषय या घरात फारसा निघत नाही. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात पोलीस अधिकारी हेमंत करकरे गेले. तीन आठवड्यांनी केंद्रीय मंत्री असलेले अंतुले संसदेच्या आवारात बोलून गेले की करकऱ्यांना त्या दिशेला कुणी पाठवलं याचीही चौकशी व्हावी. हलकल्लोळ झाला. पाकिस्तानातल्या लोकांना आयतं हत्यार मिळालं, अशी टीका झाली. गृहमंत्री चिदंबरम यांनी संसदेत निवेदन करून त्या शंकेला काहीच आधार नाही असं सांगितलं आणि अंतुल्यांनी ते मान्य केलं.

"आपल्या गल्लीत तेव्हा लोकांना बरं वाटलं होतं," मामू खिडकीतूनच म्हणाले. "खोटं कशाला बोलू? वाटलं, कुणीतरी विचारलं तरी."

"मी तेव्हा शाळेत होते. मला आठवतं. पण तो साधा माणूस नव्हता, मंत्री होता. शंका होती तर गृहमंत्र्याच्या खोलीत जायचं, फाइल मागायची. कॅमेऱ्यासमोर शंका सोडून द्यायची म्हणजे पुन्हा तेच, आधी निर्णय, मग टिपणी. आणि त्याची किंमत कुणी दिली? त्यांनी नाही, मामू. लोकलमध्ये तुमच्या दाढीने दिली."

मामू वळले. त्यांना हे लागलं होतं. मलाही जरा जास्तच वाटलं, पण मी त्याच डब्यात होतो. तेव्हाचे काही चेहरे मलाही आठवतात.

"तू म्हणतेस नियम, नियम," ते म्हणाले. "नियम गरिबाचा नसतो, पोरी. नियम ज्याच्याकडे वेळ आहे त्याचा असतो. मी छत्तीस वर्षं नियम लिहिले. मला माहीत आहे ते कसे लिहितात. एखादा माणूस लागतो, जो म्हणेल, ते राहू दे, हिला आज द्या."

"आणि तसाच दुसरा कुणी आला, जो म्हणेल, ते राहू दे, ह्यांचं आज पाडा? २०२४ चा जानेवारी आठवा. हैदरी चौकातली दुकानं. महापालिकेने बेकायदा म्हणून पाडली. असतील बेकायदा. पण त्या रात्री याच खोलीत तुम्ही काय विचारत होतात? नोटीस कुठे आहे? मुदत कुठे आहे? म्हणणं मांडायला बोलावलं का? तेव्हा तुम्ही माणूस नाही मागितला, मामू. नियम मागितला. त्याच नोव्हेंबरात न्यायमूर्ती गवई आणि विश्वनाथन यांनी पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय घर पाडायचं नाही असं लिहिलं, तेव्हा मला रात्री अकराला फोन करून तुम्हीच ते वाचून दाखवायला सांगितलंत."

रस्त्यावरच्या अतिक्रमणाला ती नोटीस लागू नाही, असं त्याच निकालात आहे. हे तिला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक असणार. तिने ते सोयीने गाळलं. वकील ती वकील.

मामू बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आंबेतचा पूल साहेबांनी केला. सावित्रीवरचा. आमच्या लहानपणी म्हाप्रळला जायचं तर होडी. पूल झाला आणि मंडणगड, दापोली हाताशी आली. अलीकडे त्याचे खांब खचले, पूल बंद केला, आणि लोक परत जंगलजेटीतून, म्हणजे फेरीबोटीतून, नदी उतरायला लागले. मी गावी गेलो तेव्हा जेटीत उभा होतो. डोक्यावर पूल. एक म्हातारी शेजारी उभी, पुलाकडे बघून म्हणाली, आंतुले असते तर. एवढंच. पुढचं बोलली नाही."

"दुरुस्तीचं अंदाजपत्रक वेळेवर झालं असतं तर, असं मी म्हणाले असते," भाची म्हणाली, पण आवाज आता मऊ होता.

"म्हणून तुला कुणी मत देणार नाही."

दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरची बाई होती, पदर डोक्यावर, हातात प्लास्टिकची पिशवी. नवरा वारल्याला आठ महिने झाले. निराधारचा अर्ज मामूंनी लिहून दिला होता, तो परत आला होता. पिशवीतले कागद टेबलावर उलटे झाले: मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स. भाचीने एकेक कागद उचलून बघितला.

"उत्पन्नाचा दाखला नाही लागला यात. वर्षाला एकवीस हजारांच्या आत पाहिजे."

"महिन्याला पावणेदोन हजार," मी म्हटलं. "मीरा रोडला त्यात काय येतं?"

"काही येत नाही, सर. पण मर्यादा तीच आहे." मग बाईकडे वळून, "काकी, उद्या सकाळी मी कोर्टात नाहीये. नऊ वाजता तयार राहा. तहसील कचेरीत रांग लावू, टोकन घेऊ, दाखला काढू. पंधराशे रुपये महिन्याला हक्काचे आहेत, कुणाच्या पाया पडायचं नाही."

मामूंनी चष्मा शोधला आणि मग मोबाइल. "त्या कचेरीत एक पोरगा आहे. श्रीवर्धनचा. माझ्या हाताखाली सहा महिने होता. एक फोन लावतो."

"मामू!"

"तू रांगेत उभी राहा की. मी कुठे नाही म्हणतो? नऊला तू रांग लाव, नऊला मी फोन लावतो. बघू कुणाचं आधी होतं."

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने कागद गोळा केले, पिशवीत घातले, आणि मला विचारलं, "साहेब, झेरॉक्स किती काढू?"

"दोन," मी म्हटलं.